किंतामानीची कॉफी: फळ तोडण्यापासून पोत्यापर्यंत, माझा अनुभव

कॉफीच्या सीझनमध्ये बालीला किंतामानीत राहून प्रोसेसिंगचं काम शिकले, त्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. बाली विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे त्यामुळे आपल्याकडे धो धो पाऊस पडत असतो तेव्हा तिथे कोरडा सीझन असतो आणि कॉफी त्याच दिवसांत पिकते, म्हणजे उन्हात वाळवायची सोय आपोआपच होते.

किंतामानी म्हणजे बातूर ज्वालामुखीच्या आसपासचा डोंगराळ भाग. १९२६ च्या उद्रेकात बातूर गाव लाव्हाखाली गेलं आणि लोक वर कड्यावर येऊन वसले, त्याच ज्वालामुखीच्या राखेच्या मातीत आता अरेबिका (कॉफीचा एक प्रकार) उभी आहे. काळपट, भुसभुशीत माती, पाणी अजिबात साचत नाही. बागा ९०० मीटरच्या वर, रात्री चांगलीच थंडी, म्हणून फळ सावकाश पिकतं आणि त्यात गोडवा भरायला वेळ मिळतो. कॉफीच्या मधेमधे संत्र्याची झाडं आणि सावलीला पांगारा! तिथे त्याला दादाप म्हणतात. आणि तिथे लावलेल्या कॉफीत एस ७९५ नावाची जात आहे, ती मूळची आपल्या चिकमगळूरकडच्या बाळेहोन्नूर संशोधन केंद्राची, हे कळल्यावर मला फार आनंद झाला.

मला खरी शिकवण मिळाली ती निवडीत. सुबाक अबियान म्हणजे कोरडवाहू बागायतदारांची गटव्यवस्था, त्यांचा नियम असा की ९५ टक्के तरी फळं लाल हवीत. एकाच फांदीवर हिरवी, पिवळी, लाल सगळी असतात, त्यामुळे ओरबाडून चालत नाही, एकेक फळ वेचायचं आणि काही दिवसांनी परत त्याच झाडाशी यायचं. तोडून आणलं की पुन्हा ताडपत्रीवर पसरून निवडायचं, मग पाण्यात टाकायचं, तरंगेल ते पोकळ किंवा किडकं, ते बाजूला. त्याच दिवशी पल्परमधून सालं काढायची, उद्यावर ढकललं तर वास बिघडतो.

मग बिया टाकीत आंबवायच्या. याला १२ तास लागतात तसे ३६ पण लागतात, गारठ्यावर आहे सगळं. आमच्या इबू (वयाने मोठ्या बाईंना तिथे असंच म्हणतात) घड्याळ बघायच्याच नाहीत, कोपरापर्यंत हात घालून मूठभर बिया चोळायच्या, बुळबुळीत लागल्या तर मान हलवायच्या आणि खडे घासल्यासारखा करकर आवाज आला की म्हणायच्या चला, धुवा. मी पण तसंच चोळून बघायची, हळूहळू हाताला कळायला लागलं.

धुतल्यावर उंच जाळीवर वाळवण. पार्चमेंटमधला (म्हणजे पातळ टरफलासकट असलेल्या बियांमधला) ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास यावा लागतो, त्याला दोन आठवडे सहज जातात. दिवसभर हलवत राहायचं आणि दुपारी खालच्या बातूर सरोवराकडून धुकं चढायला लागलं की सगळे हातातलं काम टाकून झाकायला धावतात, कारण एकदा दमट झालं की बुरशीचा धोका.

तिथल्या कॉफीला लिंबूवर्गीय आंबटपणा असतो, हे खरंय, मस्त लागतो. तो शेजारच्या संत्र्यांमुळे येतो असं विकणारे सांगतात पण मला ते पटत नाही, संत्र्यांचा उपयोग शेतकऱ्याला, कॉफीचा सीझन संपल्यावर पण हातात पैसा येतो. चव येते ती थंडीने, लाल फळाने आणि त्या निवडणाऱ्या हातांनी. २००८ मध्ये इंडोनेशियातलं पहिलं जीआय (भौगोलिक) मानांकन या कॉफीला मिळालं ते याच शिस्तीवर. एक किलो हिरव्या (म्हणजे न भाजलेल्या) बियांना साधारण सहा-सात किलो फळं लागतात आणि ती सगळी अशी हाताने वेचलेली असतात, त्यामुळे पाकिटावरची किंमत जास्त वाटली तरी घासाघीस करू नका, आणि घेताना धुतलेली (म्हणजे वर सांगितल्यासारखी आंबवून धुतलेली) अरेबिका आहे ना एवढं मात्र विचारून घ्या.