रविवार, पहाटे साडेपाच: ग्रँड ओल ऑप्री

अमेरिकेतल्या नॅशव्हिलमध्ये शनिवारचे संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा आपल्याकडे रविवारचे पहाटेचे साडेपाच झालेले असतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात, मग मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत आपले साडेसहा. या वेळेला डब्ल्यूएसएम या रेडिओ केंद्राचं इंटरनेटवरचं प्रक्षेपण लावायचं आणि चहा ठेवायचा. पैसे पडत नाहीत. 28 नोव्हेंबर 1925 ला सुरू झालेला ग्रँड ओल ऑप्री हा कंट्री संगीताचा कार्यक्रम आजही त्याच केंद्रावरून, लोकांसमोर, जिवंत वाजतो. 30 ऑक्टोबर 2021 ला त्याचं शनिवारचं 5,000वं प्रक्षेपण झालं.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याची हमखास निराशा होते, कारण तो मैफल समजून ऐकायला बसतो. गायक येतो, दोन-तीन गाणी म्हणतो, रंग भरतोय असं वाटेपर्यंत निघूनही जातो. मध्येच निवेदक पिठाची जाहिरात वाचतो. मग ऐंशी पार केलेला एखादा गृहस्थ विनोद सांगतो, त्याच्यामागून विशीतली पोर येऊन पहिल्यांदाच या रंगमंचावर गाते. ऑप्री हा मुळात रेडिओचा कार्यक्रम आहे. बघायला लोक येऊ लागले म्हणून खुर्च्या मांडल्या, एवढंच. हे एकदा ध्यानात आलं की तिथल्या बहुतेक विचित्र रीतींचा उलगडा होतो.

जाहिरातीचंच घ्या. कार्यक्रमाचे परंपरेने अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे पडतात. प्रत्येक तुकड्याला एक प्रायोजक आणि एक यजमान कलावंत. निवेदक रंगमंचाच्या कडेला उभा राहून जाहिरात तिथल्या तिथे वाचतो. मार्था व्हाइट या पिठाच्या कंपनीचं ऑप्रीशी नातं 1948 पासूनचं. ही वाचनं म्हणजे पडदा न पाडता केलेला प्रवेशबदल असतो: तेवढ्या वेळात मागे एका वादकाची वायर निघते, दुसऱ्याची लागते, माइक वर-खाली होतात. रेडिओवर शांतता पसरली तर श्रोता केंद्र बदलतो, म्हणून ती पोकळी कोणाच्या तरी आवाजाने भरलेलीच हवी.

केंद्र होतं एका विमा कंपनीचं, नॅशनल लाइफ अँड अॅक्सिडेंट. ‘वुई शील्ड मिलियन्स’, म्हणजे लाखोंना आमचं कवच, या घोषवाक्याची आद्याक्षरं घेऊन डब्ल्यूएसएम. कंपनीचे एजंट दारोदार जाऊन छोट्या पॉलिसी विकत, आणि शनिवारच्या कार्यक्रमाचं नाव घेतलं की दार लवकर उघडे. 1932 मध्ये केंद्राची ताकद 50,000 वॅट झाली आणि नॅशव्हिलजवळ ब्रेंटवुडला हिऱ्याच्या आकाराचा मनोरा उभा राहिला. मधोमध फुगीर, दोन्ही टोकांना निमुळता. तो आजही तिथे आहे आणि केंद्र आजही 650 किलोहर्ट्झवरच आहे.

मनोऱ्याची उंची सुरुवातीला 878 फूट होती. 1939 मध्ये ती 808 फुटांवर आणली. उंच केलेला मनोरा कोणी छाटतं का? इथे छाटला, कारण मध्यम लहरी दोन वाटांनी श्रोत्यापर्यंत पोहोचतात: एक जमिनीलगत, दुसरी रात्री आकाशातल्या आयनांच्या थरावर आपटून परत येणारी. मनोरा प्रमाणाबाहेर उंच झाला की या दोन लहरी केंद्राच्या पट्ट्याच्या काठावर एकमेकींना खोडून काढतात आणि आवाज विरतो. सत्तर फूट कमी केल्यावर तो त्रास आटोक्यात आला. रात्री मध्यम लहरींवर दूरदूरची केंद्रं खरखरत लागायची, हे ज्यांनी घरच्या जुन्या रेडिओवर अनुभवलंय त्यांना टेक्सास किंवा कॅनडातल्या शेतघरात शनिवारी रात्री काय घडत असेल याची कल्पना येईल.

नावाचा किस्सा 10 डिसेंबर 1927 चा. आधीच्या तासाला राष्ट्रीय जाळ्यावरून वॉल्टर डॅमरॉश यांचा पाश्चात्त्य अभिजात संगीताचा कार्यक्रम झाला. त्यानंतर नॅशव्हिलचे निवेदक जॉर्ज हे यांनी डीफोर्ड बेली यांना पुढे केलं. बेलींनी माउथ ऑर्गनवर धावत्या आगगाडीची धून वाजवली, आणि जॉर्ज हे म्हणाले, आतापर्यंत तुम्ही ग्रँड ऑपेरा ऐकत होतात, यापुढे ऐका ग्रँड ओल ऑप्री. खेडवळ उच्चारातली ही कोटी कायमची चिकटली.

बेली कृष्णवर्णीय होते. 1928 मध्ये वर्षाच्या 52 आठवड्यांपैकी 49 आठवडे ते वाजवायला होते, बाकी कोणाहीपेक्षा जास्त. दौऱ्यावर मात्र त्यांना सहकाऱ्यांच्या हॉटेलात खोली मिळत नसे. 1941 मध्ये गाण्यांच्या हक्कांवरून रेडिओ केंद्रं आणि हक्कसंस्था यांचं भांडण पेटलं, बेलींच्या गाजलेल्या धुना वाजवणं अडलं, आणि त्यांना काढून टाकलं. पुढे त्यांनी बूट पॉलिशचं दुकान चालवलं. ऑप्रीने याबद्दल जाहीर माफी मागितली ती 2023 मध्ये. शतकभराचे गोडवे गाताना हे पान उलटून जाणारे बरेच असतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

खेडवळपणाही पुष्कळसा घडवलेला होता. सुरुवातीच्या एका वाद्यवृंदाचे प्रमुख डॉ. हम्फ्री बेट हे चक्क वैद्यकीय डॉक्टर होते. जॉर्ज हे यांनी त्यांच्या मंडळींना शिकाऱ्यांचं नाव दिलं आणि सगळ्यांना शेतकऱ्यांचे कपडे चढवले. 1940 मध्ये आलेल्या मिनी पर्ल या विनोदी पात्राच्या टोपीला 1 डॉलर 98 सेंटची किमतीची चिठ्ठी लटकत असे. ही भोळीभाबडी गावाकडची बाई साकारणाऱ्या सॅरा कॉली प्रत्यक्षात सुस्थितीतल्या घरातल्या, नाट्यशिक्षण घेतलेल्या. आपल्या तमाशातली मावशी किंवा बतावणी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यात नवल वाटायचं कारण नाही.

आता गाण्याबजावण्याकडे. बिल मनरो 1939 मध्ये ऑप्रीत आले आणि ब्लूग्रास नावाचा प्रकार इथल्या माइकसमोर आकाराला आला. मॅंडोलिन, फिडल, गिटार, बॅंजो, उभा बास. सगळी न जोडलेली, म्हणजे विजेविना. माइक बहुधा एकच. ज्याची पाळी तो पुढे सरकतो, वाजवून झालं की बाजूला होतो, बास मागेच राहतो. आवाजाचा तोल हा मिक्सरवर बसलेल्या माणसाच्या हाती नसून वादकाच्या पावलांत असतो. पाऊल चुकलं की बॅंजो गायकाला गिळून टाकतो. 1963 मध्ये मनरोंच्या ताफ्यात गिटार वाजवणारे डेल मॅककूरी 2003 मध्ये स्वतः ऑप्रीचे सदस्य झाले. त्यांच्या वाद्यवृंदाची एका माइकभोवतीची ये-जा मिळाली तर चुकवू नका.

ड्रम मात्र कित्येक वर्षं वर्ज्य. 1944 मध्ये बॉब विल्स यांनी आपला ड्रमवाला आणल्यावर वादंग झालं. पूर्ण ड्रमसेट उजळ माथ्याने मांडला जाऊ लागला तो 1974 नंतर, नव्या प्रेक्षागृहात.

घरच्या वादकांचा ताफा हे ऑप्रीचं खरं यंत्र, आणि त्याच्याबद्दल सगळ्यात कमी लिहिलं जातं. ज्या कलावंताकडे स्वतःचे वादक नाहीत त्याला हेच लोक साथ करतात, तेही अगदी थोड्या तालमीवर. ते कसं जमतं? नॅशव्हिलच्या आकड्यांच्या पद्धतीमुळे. 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात जॉर्डनेअर्स या गायकवृंदातल्या नील मॅथ्यूज यांनी ती सुरू केली. कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचे स्वर, अक्षरांनी न लिहिता पट्टीतल्या जागेच्या क्रमांकाने लिहायची: षड्जावरची 1, मध्यमावरची 4, पंचमावरची 5. एक आकडा म्हणजे एक आवर्तन. आकड्यापुढे आडवी रेघ असेल तर कॉर्ड मायनर. आकड्याभोवती हिऱ्याची चौकट असेल तर एकदाच छेडायची आणि घुमू द्यायची. एका आवर्तनात दोन कॉर्ड असतील तर दोन्ही आकड्यांखाली मिळून एक रेघ.

हार्मोनियमवाल्याला हे समजवायला दोन मिनिटंही लागणार नाहीत. गायक म्हणाला पांढरी पाच, तर 1-4-5 म्हणजे पांढरी पाच, पांढरी एक, पांढरी दोन. घसा बसलाय म्हणून तो एक स्वर खाली, पांढरी चारवर आला, तर कागदावर एक टिंबही बदलायचं नाही. बदलते ती फक्त वरच्या कोपऱ्यात लिहिलेली पट्टी. मात्र गडबड होते ती गाण्याच्या मध्येच पट्टी चढते तेव्हा. शेवटच्या कडव्याआधी अर्धा किंवा एक स्वर वर जायची तिकडे फार हौस आहे. ती खूण कागदावर राहून गेली तर अर्धा ताफा जुन्या षड्जावर आणि गायक नव्या, असा प्रकार होतो, आणि पुसायला इथे दुसरा टेक नसतो.

सदस्यत्व हे ऑप्रीचं आणखी एक वेगळेपण. अर्ज करून मिळत नाही, निमंत्रणच यावं लागतं. मिळालं म्हणजे मान मिळाला, पण हजेरीही आली. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला वर्षाला 26 प्रयोगांची अट होती, नंतर 20 झाली. दौऱ्यावर सगळ्यात जास्त कमाई शनिवारीच, आणि ऑप्रीत मानधन संघटनेच्या किमान दराने. म्हणजे प्रत्येक हजेरी हा गायकाला खिशातून दिलेला पैसा. डिसेंबर 1964 मध्ये हजेरीवरूनच 12 जणांची नावं कमी केली गेली, त्यांत किटी वेल्स यांच्यासारखी मोठी नावं होती. हँक विल्यम्स यांचं प्रकरण वेगळं. 11 जून 1949 ला ते पहिल्यांदा आले तेव्हा एकाच गाण्याला सहा वन्समोअर पडल्याचं सांगितलं जातं; ऑगस्ट 1952 मध्ये दारू आणि दांड्यांपायी त्यांना काढलं, आणि 1 जानेवारी 1953 ला ते वारले. तेव्हा वय 29. एल्व्हिस प्रेस्ली 2 ऑक्टोबर 1954 ला एकदाच गाऊन गेले, श्रोते थंड राहिले, पुन्हा ते तिथे गायले नाहीत.

टिकून राहणाऱ्यांची जात निराळी. लिटल जिमी डिकन्स 1948 मध्ये आले आणि मधली काही वर्षं सोडली तर 2014 पर्यंत गात होते. 2025 मध्ये वारलेल्या जीनी सीली यांच्या हजेऱ्या 5,000 च्या वर गेल्या. बिल अँडरसन 1961 पासून सदस्य आहेत, आणि त्यांच्याच यादीत 2024 मध्ये लेनी विल्सन यांचं नाव लागलं. या दोघांच्या मधल्या वर्षांत डॉली पार्टन, चार्ली प्राइड, व्हिन्स गिल, डेरियस रकर आले.

वास्तूंपैकी दोनच लक्षात ठेवल्या तरी चालेल. 5 जून 1943 पासून 15 मार्च 1974 पर्यंतचं रायमन सभागृह, मुळात 1892 चं प्रार्थनामंदिर. बसायला चर्चची लाकडी बाकं, वातानुकूलन नाही, आणि स्त्री कलावंतांना कपडे बदलायला स्वच्छतागृह. नाद मात्र अप्रतिम. 16 मार्च 1974 ला सुमारे 4,400 आसनांचं ऑप्री हाउस उघडलं. त्या रात्री राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी रंगमंचावर पियानो वाजवला. रायमनच्या रंगमंचातली ओक लाकडाची सहा फूट व्यासाची चकती कापून नव्या रंगमंचात बसवली आहे, गायक तिच्यावर उभा राहूनच गातो.

मे 2010 मध्ये कंबरलँड नदीला पूर आला आणि या रंगमंचावर 46 इंच पाणी चढलं. ती चकती पाण्याखाली गेली, पण वाचली. दुरुस्त होऊन परत बसली आणि 28 सप्टेंबरला प्रेक्षागृह पुन्हा उघडलं. मधल्या काळात खंड नाही: 4 मेचा कार्यक्रम वॉर मेमोरियल सभागृहात हलवला, 1939 ते 1943 या काळात ऑप्री तिथेच होत असे. 2020 मध्ये तर मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत रिकाम्या खुर्च्यांसमोर शनिवार साजरा झाला. रेडिओला टाळ्या नसल्या तरी चालतं.

प्रत्यक्ष जाणाऱ्यांसाठी थोडं. कार्यक्रम शनिवारखेरीज मंगळवारी आणि शुक्रवारीही असतात, पण तिकीट काढताना कलावंतांची यादी बघा; शेवटच्या दिवसांपर्यंत त्यात भर पडते आणि गळतीही होते. हिवाळ्यातले काही प्रयोग रायमनमध्ये होतात, ते जमलं तर आधी तेच. रंगमंचाच्या मागच्या बाजूला, वादकांच्या पाठीशी, चर्चसारखी बाकं मांडलेली दिसतील. तिथे कलावंतांचे पाहुणे बसतात, गप्पाही मारतात, आणि रेडिओवर कधीकधी गाण्याआधी जी कुजबुज ऐकू येते ती त्यांचीच.