आमची वाटचाल : कर्वेनगरच्या एका फ्लॅटपासून

आज आम्ही नवरा-बायको पुण्यात इतरांची भाड्याची घरं सांभाळतो, पण सुरुवातीला सासऱ्यांचं मत ठाम होतं. फ्लॅटला कुलूप लावा, दिवाळीच्या आधी झाडून काढा, पण भाड्याने देऊ नका. त्यांच्या वडिलांचा शनिवार पेठेतल्या एका वाड्यात हिस्सा होता आणि वाड्यात बिऱ्हाडं होती. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडं जिथल्या तिथे गोठलेलं. महिन्याला जे यायचं त्यात पावसाळ्याआधी कौलं फिरवून घेणंही जमायचं नाही. भाडं वाढत नाही म्हणून मालक डागडुजी करत नाही, डागडुजी होत नाही म्हणून बिऱ्हाडकरू चिडलेला, आणि दोघांच्या देखत वाड्याची भिंत खचतेय. पेठांमध्ये हे घरोघरी चाललं होतं. त्यामुळे ‘भाडेकरू एकदा शिरला की निघत नाही’ हे आमच्या घरात पिढीजात ज्ञान.

पण आमचा कर्वेनगरचा वन बीएचके रिकामा पडून होता. सासू-सासरे सिंहगड रोडला आमच्याकडे राहायला आले होते. तिकडचं मेंटेनन्स, मिळकतकर, विजेचा स्थिर आकार चालूच. नवऱ्याचं इलेक्ट्रिक फिटिंगचं काम होतं, मी एका कंपनीत अकाउंट्स बघायचे. हिशेब माझ्याकडे असल्याने बंद घर वर्षाला किती खातं हे मला कागदावर दिसत होतं.

शेवटी सासऱ्यांना पटलं ते कायद्याने. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चा, अमलात आला 31 मार्च 2000 पासून. त्यातलं कलम 24 मी त्यांच्यासमोर ठेवलं. लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे ठरावीक काळ राहू देण्याच्या कराराची, मुदत संपल्यावर समोरचा घर सोडत नसेल तर दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं खेटे घालावे लागत नाहीत. या कायद्याखाली सरकारने नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि जितके दिवस तो जास्त राहील तितके दिवस भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई लागते. कलम 55 सांगतं की करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. वर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बँकेत कॅशियर म्हणून आयुष्य काढलेल्या माणसाला ‘नोंदणीकृत’ एवढा एक शब्द पुरला.

अकरा महिन्यांचा करार म्हणजे नोंदणी लागत नाही असा समज अजूनही ऐकू येतो. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून लोक निर्धास्त असतात. महाराष्ट्रात मुदत कितीही असो, लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी लागते.

2016 मध्ये पहिला करार झाला, तोही घरातल्या जेवणाच्या टेबलावर. ऑनलाइन नोंदणी सुरू झालेली होती. एजंटचा मुलगा लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन आला. समोर कमिन्स कॉलेजात शिकणाऱ्या दोन मुली आणि लातूरहून आलेले त्यांच्यापैकी एकीचे वडील. मुलींचे अंगठे लगेच लागले. सासऱ्यांचा काही लागेना. नोटा मोजून मोजून रेषाच पुसल्या होत्या, असं ते स्वतःच म्हणाले. ओल्या फडक्याने बोट पुसलं, किंचित खोबरेल लावलं, दुसऱ्या हाताचा अंगठा, मग तर्जनी, असं करत करत एकदाचा यंत्राने हिरवा दिवा दाखवला. लातूरचे काका इतका वेळ गप्प बसले होते. ते म्हणाले, “तात्या, आता घर आमच्या नावावर झालं म्हणायचं का?” सासरे हसले. मला वाटतं भाडेकरूच्या कुठल्याही विनोदावर ते पहिल्यांदाच हसले असावेत.

भाडं बारा हजार, डिपॉझिट चाळीस हजार. मुद्रांक शुल्क काढायची रीत सोपी आहे. पूर्ण मुदतीचं भाडं घ्यायचं, परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी व्याज धरून ते त्यात मिळवायचं, आणि बेरजेवर पाव टक्का. आमच्या आकड्यांत ते चारशेच्या आतबाहेर बसलं. महापालिका हद्दीत नोंदणी फी हजार रुपये. बाकी एजंटची मजुरी. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती ऑनलाइन भरली, तिची आणि कराराची प्रत सोसायटीला दिली.

मुली आणि काका गेल्यावर सासऱ्यांनी चाळीस हजारांचा चेक हातात घेतला आणि मला म्हणाले, “याची वेगळी एफडी कर. हे पैसे आपले नाहीत, आपल्याकडे ठेवायला दिलेत.” आमच्या धंद्याचा जो काही एकमेव नियम म्हणता येईल तो हा. तो पुढे छापून भिंतीवर लावला नाही, पण आजही प्रत्येक घराच्या डिपॉझिटची वेगळी एफडी असते आणि तिला घरखर्च, शाळेची फी, गाडीचा हप्ता यांपैकी काहीही शिवत नाही. पुण्यातली मालक-भाडेकरूंची बरीच भांडणं भाड्यावरून नसतात, डिपॉझिटवरून असतात. कारण मालकाने ते कधीच खर्च केलेलं असतं. परत द्यायची वेळ आली की भिंतीवरचा खिळा, कट्ट्यावरचा डाग, रंगाचे पैसे असं एकेक निघायला लागतं.

पहिल्याच पावसाळ्यात खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. त्यांच्या बाथरूमच्या छताला ओल धरली होती, पांढरे पोपडे सुटले होते. बांधकाम जुनं, आणि आमच्या बाथरूममधल्या नहाणी ट्रॅपचा, म्हणजे जाळीखालच्या सांडपाण्याच्या भांड्याचा, सांधा सुटलेला. प्लंबर म्हणाला वरून पांढरं सिमेंट भरून बघू. नवरा म्हणाला, बघायचं नाही, करायचं. फरशी उकरली, कोबा काढला, ट्रॅप बदलला, नवीन कोबा घालून दोन दिवस पाणी तुंबवून ठेवलं आणि खाली काकूंच्या छताकडे टॉर्च मारून पाहिलं. मग फरशी. तेवढे दिवस मुली अंघोळीला मैत्रिणीच्या खोलीवर जात होत्या, म्हणून त्या महिन्याच्या भाड्यातून आम्ही दोन हजार कमी केले. अडीच महिन्यांचं भाडं त्या एका बाथरूमने खाल्लं.

त्यानंतर करारात एक पान आम्ही स्वतः वाढवलं. पाइप, वायरिंग, गीझर, गळती हे मालकाचं. बल्ब, नळाचा वॉशर, फ्लशच्या टाकीतला फ्लोट हे राहणाऱ्याचं. रंग मालकाचा. यावर इतर मालक अजूनही माझ्याशी वाद घालतात, की घर सोडताना एक महिन्याचं भाडं रंगाचं म्हणून कापायची पद्धतच आहे. असेल. दोन-तीन वर्षं माणसं राहिली की भिंत मळते. भाडं घेतो ते त्याचंच.

घर ताब्यात देताना आणि घेताना काय करायचं, हे नवऱ्याने बसवलं. देताना दोघांनी मिळून घरभर फिरायचं, प्रत्येक खोलीचा फोटो काढायचा, महावितरणच्या मीटरवरचा आकडा फोटोत यायलाच हवा. घेताना तोच फोटो मोबाइलवर उघडून पुन्हा फिरायचं. प्रत्येक नळ पूर्ण सोडून बघायचा, पंखे पाचवर, गीझर चालू करून पाणी गरम होईपर्यंत थांबायचं, किचनच्या सिंकखाली हात घालून ओल चाचपायची. वॉटर फिल्टरसाठी टाइलला भोक पाडलेलं असतंच. त्याचे पैसे कापत नाही. पुढचाही तिथेच फिल्टर लावणार आहे. मुलींनी घर सोडलं तेव्हा लाइटचं शेवटचं बिल वजा करून उरलेली रक्कम चावी हातात येताच तिथेच ट्रान्सफर केली. लातूरच्या काकांच्या मोबाइलवर मेसेज वाजला आणि त्यांनी तो दोनदा वाचला. पुढच्या आठवड्यात त्यांच्याच ओळखीच्या एका कुटुंबाचा फोन आला, घर आहे का म्हणून. जाहिरातीवर आम्ही आजवर फारसा खर्च केलेला नाही.

सोसायटीचं मात्र वेगळं होतं. भाडेकरू ठेवला म्हणून दरमहा हजार रुपये जादा मागितले. मालक स्वतः न राहता घर दुसऱ्याला देतो म्हणून सोसायटी लावते ते ना-वापर शुल्क. ते सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, असा राज्य सरकारचा 2001 चा आदेश आहे, आणि त्यात महापालिकेचा कर धरायचा नाही. आमचं सेवा शुल्क बाराशे, म्हणजे एकशेवीस. आदेशाची प्रत जोडून पत्र दिलं. सभेत आवाज चढले, सेक्रेटरी काही महिने जिन्यात बोलेनासे झाले, पण बिल एकशेवीसवर आलं.

दुसरा धक्का मिळकतकराचा. पुणे महापालिका स्वतः राहणाऱ्या मालकाला वार्षिक करपात्र रकमेत चाळीस टक्के सवलत देते. घर भाड्याने दिलं की ती जाते. मध्यंतरी ही सवलत अनेकांची गेली होती, 2023 मध्ये परत आली, ती मिळवायच्या पीटी-3 फॉर्मसाठी रांगा लागल्या होत्या ते अनेकांना आठवत असेल. तेव्हाही भाड्याने दिलेल्या घरावर ती मागणारे आमच्याकडे आले. आम्ही तो फॉर्म भरून देत नाही.

दोन वर्षांनी हुरूप आला आणि वारज्यात दुसरा फ्लॅट घेतला. इथे थोडं आकड्यांचं सांगते, कारण ‘भाड्यातून हप्ता फिटतो’ हे वाक्य घेऊन रोज कोणीतरी येतं. पंचवीस लाखांचं कर्ज, नऊ टक्के व्याज, वीस वर्षं, हप्ता साडेबावीस हजार. तेवढ्यात मिळणाऱ्या घराचं भाडं दहा-बारा हजार. निम्मा हप्ता खिशातून. पुण्यात घराच्या किमतीवर भाडं वर्षाला तीन-चार टक्क्यांच्या आसपास सुटतं, बँक त्याच्या दुपटीहून जास्त घेते. आमचं जमलं कारण इमारत जुनी, लिफ्ट नाही, तिसरा मजला, किंमत पडलेली आणि वायरिंगपासून सगळं काम नवऱ्याच्या हातचं. भाव वाढेल या भरवशावर घ्यायचं तर घ्यावं, पण ते भाड्याचं गणित म्हणून सांगू नये.

आयकराचं त्या मानाने बरं आहे. वर्षाचं भाडं एक लाख चव्वेचाळीस हजार, मालकाने भरलेला मिळकतकर सहा हजार. उरले एक लाख अडतीस. त्यातून सरसकट तीस टक्के वजा, पावत्या असोत-नसोत. कर लागतो शहाण्णव हजार सहाशेवर. फक्त मेंटेनन्स आणि प्लंबर यांची वेगळी वजावट मागू नका. ती त्या तिसात आली.

इतरांची घरं सांभाळायला लागलो ते ठरवून नाही. नवऱ्याचे एक ग्राहक मुलाकडे न्यू जर्सीला चालले होते. ते म्हणाले, तुमचं बघता तसं आमचंही बघा. मग त्यांच्या मजल्यावरचे, मग त्यांचे मेहुणे. मी नोकरी सोडली, शॉप ॲक्ट काढला आणि फर्म झाली. आम्ही मालकाकडून भाड्याच्या आठ टक्के घेतो, राहणाऱ्याकडून काही नाही. दोन्हीकडून महिन्याचं भाडं घेणाऱ्या ब्रोकरमंडळींना ते रुचत नाही. परदेशातल्या मालकांचं एक काम कटकटीचं असतं: मालक अनिवासी असेल तर भाडं कितीही छोटं असो, ते देणाऱ्यानेच त्यातून आयकर (टीडीएस) कापून भरायचा असतो. आयटीतल्या मुलांनाही हे माहीत नसतं. आम्ही पहिल्याच दिवशी सांगतो. त्यामुळे काही गिऱ्हाइकं जातात.

2020 चा एप्रिल. कॉलेजं बंद, मुलं सामान तसंच टाकून गावी गेलेली. राज्याच्या गृहनिर्माण विभागाने भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलायला सांगितलं. काही मालकांचं घर त्या भाड्यावरच चालत होतं, त्यात दोन पेन्शन नसलेल्या आजी. मी दोन्हीकडे फोन करत बसायचे. बहुतेकांनी निम्म्या भाड्यावर तोडगा काढला, काहींनी घर सोडलं. जुलै-ऑगस्टमध्ये इतक्या जणांनी एकदम डिपॉझिट मागितलं की रक्कम खर्चलेली असती तर फर्म तिथेच संपली असती. एफडी मोडल्या, थोडं व्याज गेलं, पैसे गेले त्यांच्या त्यांच्या खात्यात. सामान नवऱ्याने आणि आमच्या प्लंबरने मास्क लावून खोक्यांत भरलं, व्हिडिओ कॉलवर ज्याचं त्याला दाखवत दाखवत. एका खोलीत कुकरमध्ये मार्चमधली आमटी तशीच होती. कुकरसकट टाकून दिली आणि तिथल्या मुलीला नवा घेऊन दिला.

त्या वर्षानंतर मालकांशी करार करतानाच आम्ही अट घालतो: डिपॉझिट स्वतंत्र एफडीत राहील, तिची पावती दोघांना मिळेल. ज्यांना ते मान्य नाही त्यांचं घर घेत नाही. एका बिल्डरने सहा फ्लॅट एकदम देऊ केले होते, डिपॉझिट त्याला वापरायला हवं होतं. नाही म्हटलं.

आणखी एक प्रश्न आम्ही विचारायचं बंद केलंय: जात, धर्म, खाणं. मालक फोनवर सांगतात, “फक्त व्हेज फॅमिली बघा हं.” मी म्हणते, पगाराची स्लिप, आधीच्या मालकाचा फोन आणि कागदपत्रं एवढं बघते, बाकी तुम्हाला बघायचं तर तुम्ही स्वतः बघा. काही घरं यामुळे सुटली. बॅचलरांबद्दलची भीती तर निव्वळ सवयीची आहे. आमच्याकडे सगळ्यात जास्त तुटफूट झालेलं घर एका अतिशय सुशील कुटुंबाचं होतं. त्यांचा नातू मार्करने लिहायला शिकत होता.

सासरे गेले त्याला काही वर्षं झाली. कर्वेनगरचा फ्लॅट आता सासूबाईंच्या नावावर आहे आणि सध्या तिथे एक परिचारिका आणि तिची आई राहतात. फर्ममध्ये आम्ही दोघं, प्लंबर आणि कागदपत्रं बघणारी एक मुलगी. बाणेर-बालेवाडीकडून घरं येतायत, पण इकडून तिकडे संध्याकाळी गळणारा नळ बघायला जायचं म्हणजे दीड तास ट्रॅफिकमध्ये. तिकडे राहणारा, दुचाकी असलेला आणि फोन उचलणारा माणूस शोधतोय. तो मिळेपर्यंत तिकडची घरं घेणं थांबवलंय.