थॉमस मनचा नियम आणि सरांचा प्रश्न

आपल्या शाळेला जोडून कनिष्ठ महाविद्यालय सुरू झालं, तेव्हा कॉमर्सच्या सुरुवातीच्या तुकड्यांत मी होतो. आम्हाला अर्थशास्त्र शिकवणाऱ्या सरांची आठवण निघाली की माझ्यासमोर एकच प्रकरण उभं राहतं: व्यापारवाद, म्हणजे परदेशांना जास्त विकून, त्यांच्याकडून कमी घेऊन देशात सोनं-चांदी साठवावी, हा युरोपातला जुना विचार. पाठ्यपुस्तकात ते जेमतेम एका परिच्छेदाचं होतं. सरांनी त्यावर अख्खा पावसाळा घालवला, आणि मी पुढे आयात-निर्यातीच्या कामात पडलो त्याचं मूळ तिथेच आहे.

सरांनी सुरुवात केली ती चांदीपासून. 1600 साली ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली, तेव्हाच पहिल्या सफरीसाठी 30,000 पौंडांपर्यंत चांदी देशाबाहेर न्यायची मुभा द्यावी लागली. इंग्लंडचं जाड लोकरी कापड सुरतेच्या उकाड्यात घेणार कोण? मिरी, नीळ, सुती कापड हवं तर रोख चांदी मोजणं भाग होतं. 1620 च्या सुमारास इंग्लंडात मंदी आली, नाणं मिळेनासं झालं, आणि लोकांनी कंपनीकडे बोट दाखवलं. तेव्हा कंपनीचाच एक संचालक, थॉमस मन, याने 1621 मध्ये पुस्तिका लिहून उत्तर दिलं. पूर्वेचा माल सगळाच इंग्लंडात खपत नाही, बराचसा इतर देशांना पुन्हा विकला जातो आणि गेली त्याहून जास्त चांदी घेऊन येतो, असं त्याचं म्हणणं. त्याच्या मृत्यूनंतर, 1664 मध्ये, मुलाने छापलेल्या दुसऱ्या पुस्तकात तो शेतकऱ्याचा दाखला देतो: पेरणीला चांगलं धान्य मातीत टाकताना पाहिलं तर हा माणूस वेडा वाटेल, पण त्याला सुगीत पाहावं. आमच्या वर्गातली निम्मी मुलं भातशेतीच्या घरची. राब भाजायला आणि लावणीला जाणाऱ्या त्या मुलांना साडेतीनशे वर्षांपूर्वीचा लंडनचा व्यापारी तिथल्या तिथे कळला.

मग सर विचारत, "अरे, हे लिहिणारा कोण? त्याचा पैसा कुठे गुंतलाय?" आम्ही उत्साहाने 'कंपनीत' म्हणालो की लगेच दुसरा प्रश्न येई: "म्हणून त्याचं म्हणणं खोटं ठरतं का? ते वेगळं तपासा." हे दोन प्रश्न अलग ठेवायची सवय मला त्या वर्गात लागली. बंदरावरच्या माझ्या कामात तिच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचाच झाला नाही.

वसाहतींचा भाग आला तेव्हा सर फार गंभीर झाले होते. कंपनीचा प्रमुख सर जोसाया चाइल्ड याने 1693 च्या पुस्तकात सरळ हिशोब मांडला आहे. वेस्ट इंडीजमधल्या बार्बाडोस किंवा जमैका बेटावरचा एक इंग्रज, त्याच्याबरोबर राबणारे काळे लोक धरून, जे खातो, नेसतो, वापरतो त्यातून मायदेशी चार माणसांना काम मिळतं. उत्तर अमेरिकेतल्या न्यू इंग्लंड या इंग्रज वसाहतीमधली दहा माणसं मिळून एकालाही काम देत नाहीत. म्हणून न्यू इंग्लंड ही त्याच्या मते मायदेशाला सर्वात नुकसानीची वसाहत. 1660 च्या नौकानयन कायद्याने साखर, तंबाखू, कापूस, नीळ हा वसाहतींचा माल इंग्लंडच्या किंवा त्याच्याच वसाहतींच्या बंदरात उतरवायची सक्ती केली, त्यामागेही हीच दृष्टी होती. चाइल्डचं ते वाक्य सरांनी फळ्यावर लिहिलं आणि 'काळे लोक' या शब्दांखाली रेघ ओढली. आफ्रिकेतून पकडून नेलेली ती माणसं या हिशोबात येतात ती फक्त किती खातात आणि काय नेसतात एवढ्यापुरती. त्यांची मजुरी कुठल्याच रकान्यात नाही.

हाच चाइल्ड आपल्या किनाऱ्याशीही जोडलेला आहे, हे कळलं तेव्हा वर्ग उठून बसला. इंग्लंडच्या राजाकडून 1668 मध्ये वर्षाला 10 पौंड भाड्याने घेतलेली मुंबई कंपनीकडे होती. चाइल्डच्या धोरणाने कंपनीने 1686 मध्ये मुघलांशी युद्ध छेडलं. 1689 मध्ये जंजिऱ्याचा सिद्दी याकूत खान मुंबईत उतरला आणि इंग्रज किल्ल्यात कोंडले गेले. शेवटी औरंगजेबाची माफी मागून दीड लाख रुपये दंड भरावा लागला.

छापील सुती कापडाचा वाद मात्र सरांनी लवकर आटोपला, याची मला आजही हळहळ वाटते. इंग्लंडने 1700 च्या कायद्याने हिंदुस्थानातून येणारं छापील कापड वापरायला बंदी केली. आणि पुढच्याच वर्षी लंडनमध्ये एक निनावी पुस्तिका निघाली. जे काम तीन माणसांत होतं त्याला नऊ माणसं का जुंपायची, हिंदुस्थानातून स्वस्त येत असेल तर येऊ द्या, असं तिच्यात म्हटलं होतं. खुल्या व्यापाराची बाजू मांडणाऱ्या अ‍ॅडम स्मिथच्या पुस्तकाच्या 75 वर्षं आधी!

सत्राच्या शेवटी सरांनी एक प्रश्न दिला. मनचा नियम असा: परक्यांना दरवर्षी जेवढ्याचं विकाल, त्याहून कमी किमतीचं त्यांचं वापरा, म्हणजे देशाची संपत्ती वाढते. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानची निर्यात आयातीपेक्षा सातत्याने जास्त होती. मग या नियमाने चांदीने भरायला हवा तो देश दुष्काळात का मरत होता?

आम्ही आठवडाभर भांडलो. उत्तर दादाभाई नौरोजींकडे सापडलं. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवलेल्या या माणसाने 1867 पासून लंडनमध्ये आकडे मांडून दाखवलं की जास्तीच्या निर्यातीचा मोबदला इथे परतच येत नव्हता. अधिकाऱ्यांचे पगार आणि निवृत्तिवेतनं, कर्जाचं व्याज, लंडनच्या कचेरीचा खर्च यांत तो तिकडेच मुरत होता. मनचा नियम लागू पडतो तो स्वतःची तिजोरी असणाऱ्याला. वसाहत विकते, पण वसूल दुसऱ्याच्या खात्यात जमा होतो. दादाभाईंची थोरवी मला वाटते ती इथे: इंग्रजांच्याच हिशोबाच्या पद्धतीने त्यांनी इंग्रजांचं खातं उघडं केलं.

सुवर्णमहोत्सवासाठी माजी विद्यार्थ्यांचा निधी जमतो आहे. त्यातला माझा वाटा ग्रंथालयाला जावा, आणि त्यातून दादाभाईंचं लेखन आणि न्यायमूर्ती रानड्यांचे अर्थशास्त्रावरचे निबंध घ्यावेत, अशी माझी विनंती आहे. मनचं पुस्तकही घ्यावं. तीनही एकाच कपाटात ठेवावीत, आणि अकरावीच्या मुलांना सरांचा तो प्रश्न उत्तर न सांगता द्यावा.