शहात्तर नंबर

आमचं वॉशिंग मशीन मार्चमध्ये बिघडलं आणि एप्रिलमध्ये दुरुस्तही झालं. तरी दर शनिवारी दुपारी मी एक चादर आणि दोन-चार टॉवेल पिशवीत कोंबून कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रोमॅटमध्ये जाते, कारण लॉन्ड्रोमॅटच्या भिंतीला भिंत लागून टाकेरिया आहे, म्हणजे टाकोचं (मक्याच्या पोळीत मटण नाहीतर भाजी) छोटं हॉटेल. घरी कोणी काही विचारत नाही. नवऱ्याला सगळं कळतं, तो फक्त म्हणतो येताना दोन माझ्यासाठी आण, आणि मी म्हणते घरी आणेपर्यंत मऊ पडतात रे, जे खरंच आहे, पण एवढंही खरं नाही.

लॉस एंजेलिसमध्ये अशा टाकेरिया गल्लोगल्ली आहेत, त्यातली ही एक, काही खास नाही. एका बाजूला लॉन्ड्रोमॅट, दुसऱ्या बाजूला टायरवाला. आत पाच टेबलं, त्यातलं एक डुगडुगतं, नेमकं तेच मला मिळतं. भिंतीवरच्या टीव्हीवर फुटबॉल चालू असतो आणि आवाज बंद. मशीनमध्ये कपडे टाकले की २८ मिनिटं हातात. तेवढ्यात ऑर्डर द्यायची, खायचं, परत येऊन कपडे ड्रायरमध्ये टाकायचे, आणि मग ड्रायरची ४० मिनिटं पण आहेतच की.

तर माझ्याकडे बघून इथे सगळे सरळ स्पॅनिशच सुरू करतात. रंग तोच, केस तसेच, चूक त्यांची नाही. काउंटरवरच्या काकूंनी (मी मनात काकूच म्हणते) पहिल्याच दिवशी मला 'मिहा' म्हटलं, म्हणजे पोरी, आणि मग त्यांना मी त्यांची नाही हे सांगायचा धीर मला झालाच नाही. मान हलवायची, 'सी, सी' म्हणायचं. 'कोन तोदो?' म्हणजे कांदा-कोथिंबीर सगळं घालू ना, त्यालाही सी. एवढ्यावर माझं चार महिने निभावलं.

गोची झाली ती नंबरांची. पावतीवर नंबर असतो आणि काकू तो खिडकीतून ओरडतात, स्पॅनिशमध्ये, एकदाच. मी चिकाटीने शंभरापर्यंत आकडे पाठ केले, पण साठ म्हणजे सेसेंता आणि सत्तर म्हणजे सेतेंता, आता ह्यात फरक तो काय, तोही एक्झॉस्ट फॅनच्या आवाजात! एका शनिवारी माझा नंबर शहात्तर. काकू ओरडल्या सहासष्ट. मी टुणकन उठून गेले, प्लेट घेतली, बसले आणि पहिला घास घेतला. भारी होतं. एकदम मऊ, लोण्यासारखं. आपण तर हे मागवलं नव्हतं असा विचार मनात येतोय तेवढ्यात समोर एक माणूस उभा, अंगात ते चमकणारं पोपटी जॅकेट, हातात सहासष्टची पावती. तो काहीच बोलला नाही, नुसता प्लेटकडे बघत राहिला, तेच जास्त लागलं. त्याने लेंग्वा मागवले होते. लेंग्वा म्हणजे जीभ. म्हणजे माझ्या जिभेवर त्या क्षणी दुसऱ्या कोणाची तरी जीभ होती.

मी इंग्लिशमध्ये माफी मागायला लागले आणि काकूंना तेव्हा कळलं की ही पोरगी आपली नाही. त्या इतक्या हसल्या की आतून स्वयंपाकी बाहेर आला बघायला. जॅकेटवाल्याला नवीन प्लेट दिली, माझ्याकडून पैसे घेतले नाहीत, आणि मिहा म्हणणंही सोडलं नाही. फक्त आता माझा नंबर आला की हाताची बोटं पण दाखवतात, लहान पोराला दाखवतात तशी. गंमत म्हणजे हे सगळं नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, आपली मुलगी एकोणसाठ आणि एकोणसत्तरमध्ये गोंधळते तेव्हा तू किती ओरडतेस तिच्यावर. ह्याला काय बोलणार.

असो. खाण्याबद्दल लिहायचं होतं.

टाको खाताना मान वाकडी करावी लागते. प्लेटमध्ये टाको सरळ उभा राहत नाही आणि तो तोंडाला सरळ लागतही नाही, म्हणून माणसाने स्वतःच तिरकं व्हायचं. आजूबाजूला बघा, सगळे त्याच कोनात, कोपरं टेबलावर, पाठ पुढे, जणू काही तरी गुपित ऐकताहेत. कोणी कितीही मोठा साहेब असू दे, ह्या पोझमध्ये त्याचा रुबाब टिकत नाही. मला कोणाशी लग्न ठरवायचं असतं तर पहिली भेट इथेच ठेवली असती, पण ते राहिलं.

आणि माझी एक खोड आहे. नीट टाकेरियात टाको दोन टॉर्टियांवर, म्हणजे मक्याच्या पातळ पोळ्यांवर देतात, एकावर एक, हाताच्या पंजाएवढ्या. मक्यात गहू-मैद्याचा चिकटपणा नाही, रस लागला की एक टॉर्टिया फाटते, म्हणून खाली दुसरी. बहुतेक लोक दोन्ही एकत्र गुंडाळून खातात. मी नाही. मी वरची उचलून खाते आणि खालची तशीच प्लेटमध्ये राहू देते, सगळी सांडलोट तिच्यावर पडत जाते, कांदा, मटणाचे जळके तुकडे, लिंबाचे थेंब, हिरव्या साल्साचा ओघळ, आणि असे तीन टाको संपले की चौथा फुकट तयार. हा चौथा सगळ्यात चांगला लागतो. त्यात काय आहे ते कोणी ठरवलेलं नसतं ना. शेवटी मुळ्याची चकती, संपलं. नवरा ह्याला कंजूसपणा म्हणतो. म्हणू दे.

ह्या टॉर्टियाच्या मक्याची एक गोष्ट मला फार आवडते. मका नुसता दळून पीठ करत नाहीत, आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर तसाच ठेवतात, मग धुऊन वाटतात. मेक्सिकोकडे हजारो वर्षं असंच चाललंय. त्या चुन्याने टरफल सुटतं, पीठ मळता येतं, आणि मक्यात अडकून बसलेलं नायसिन नावाचं जीवनसत्त्व अंगी लागायच्या लायकीचं होतं. युरोपियन लोकांनी मका उचलून नेला आणि चुना तिथेच ठेवला. पुढे जिथे जिथे गरीब लोक नुसत्या मक्यावर जगायला लागले, उत्तर इटलीत, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे अमेरिकेच्या दक्षिणेत, तिथे पेलाग्रा झाला. कातडी सोलायची, डोकं फिरायचं, माणसं मरायची, आणि डॉक्टर म्हणत होते हा साथीचा रोग आहे. जोसेफ गोल्डबर्गर नावाचा डॉक्टर घसा फोडून सांगत होता की साथ नाही हो, जेवणात खोट आहे, तर त्याचं पटकन कोणी ऐकेना. थोडक्यात काय, मक्याला चुना लावला नाही म्हणून माणसांना चुना लागला. हा विनोद मी काकूंना सांगू शकत नाही ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

माझी एक मैत्रीण शुद्ध शाकाहारी आहे, तिला एकदा घेऊन गेले. तिने आल्या आल्या विचारलं, बीन्समध्ये मान्तेका आहे का? मान्तेका म्हणजे डुकराची चरबी. इथे राहणाऱ्या आपल्या सगळ्या शाकाहारी मंडळींना स्पॅनिशचा हा एक शब्द पक्का येतो, हॅलो नंतर शिकतात. होतीच मान्तेका. भातात चिकनचं पाणी. मग काकूंनी तिला नोपालेस दिले, म्हणजे निवडुंग, काटे काढून, चिरून, तव्यावर परतलेला. भेंडीसारखा थोडा बुळबुळीत. तिने तीन टाको खाल्ले आणि म्हणाली, कुंपणाला लावतो ते आपण इतकी वर्षं नुसतंच बघत बसलो.

कुरकुरीत कवचाच्या टाकोबद्दल मी बोलणार नाही. बरं, एवढंच बोलते की ऑफिसच्या पार्टीत माझ्या आयुष्यातला पहिला टाको तोच होता, पहिल्या चाव्यात त्याचे दोन तुकडे झाले आणि आतला माल ब्लाउजवर. सान बर्नार्डिनोत रूट ६६ वर मित्ला कॅफे आहे, १९३७ पासूनचा, तिथे तळलेले टाको मिळायचे, समोरच ग्लेन बेलचा हॉट डॉगचा ठेला होता. त्याने ते टाको खाऊन खाऊन विद्या शिकून घेतली आणि १९६२ मध्ये टाको बेल काढलं. मित्ला कॅफे अजून चालू आहे. एकदा जायचंय. आणि २०२४ मध्ये इंडियानातल्या एका न्यायाधीशाने तर निकालच दिला की टाको हे मेक्सिकन पद्धतीचं सँडविच आहे. कुठल्याशा जागेत सँडविचचं दुकान चालेल अशी अट होती, त्यावरून भांडण. म्हणजे टाकोवाल्याच्या भल्यासाठीच दिला निकाल, पण तरी. सँडविच खाताना मान सरळ असते, हे कोर्टात कोणी मांडलं नाही वाटतं.

पण परवा जे झालं ते अल पास्तोरमुळे.

शनिवारी हे लोक दारातच ट्रोम्पो लावतात. उभ्या सळीवर मसाला लावलेल्या डुकराच्या मटणाचे पातळ काप एकावर एक, मिरच्या आणि अचियोते नावाच्या लाल बियांनी लालभडक, वर अननस, बाजूला जाळ, आणि हे सगळं हळूहळू फिरत असतं. लेबनॉनकडून मेक्सिकोत आलेल्या लोकांनी आपला शावर्मा तिथे आणला, पुएब्लात त्याचे टाको झाले, पुढे मेंढीच्या जागी डुक्कर आलं आणि शावर्म्याच्या पोळीच्या जागी मका. अल पास्तोर म्हणजे मेंढपाळाच्या पद्धतीचं. मेंढी गेली, मेंढपाळ राहिला. आणि ट्रोम्पो म्हणजे भोवरा. हे मला परवाच कळलं, तिथे एक छोटा मुलगा खरा लाकडी भोवरा घेऊन आला होता आणि त्याची आई त्याला सारखी ओरडत होती, ट्रोम्पो ठेव, ट्रोम्पो ठेव, मी आपली बघतेय की ही बाई मटणाला काय ठेवायला सांगतेय.

मग दिसायलाच लागलं. वर रुंद, खाली निमुळता, कापून कापून अगदी भोवरा.

आमच्या दादाकडे भोवरा होता, लाल-हिरवे पट्टे घासून गेलेला, आर त्याने स्वतः दगडावर घासून टोकदार केलेली. मला हात लावू द्यायचा नाही. तो हातजाळी करायचा, म्हणजे भोवरा जमिनीला टेकूच द्यायचा नाही, दोरी सोडून असा झटका द्यायचा की भोवरा हवेतून फिरत थेट तळहातावर. गल्लीत अजून फक्त एकाला यायची. एका दुपारी तो झोपला असताना मी भोवरा पळवला, दोरी गुंडाळली (उलटी गुंडाळली होती हे नंतर कळलं), आणि सगळी ताकद लावून फेकला तो माझ्याच पायावर. अंगठ्यातून भळाभळा रक्त. मी रडायच्या आत दादा उठून आला होता. आईला त्याने सांगितलं, माझ्या हातून सुटला. आईने त्याला बडवला आणि भोवरा कोळशाच्या पोत्यामागे टाकून दिला, तो परत कधी मिळाला नाही. दादाने मला त्यावरून एक शब्द बोलून दाखवला नाही, अजूनपर्यंत नाही. अंगठ्यावरचा व्रण आहे, चपलेच्या पट्ट्याखाली येतो.

तर टाकेरो, म्हणजे टाको करणारा, विशीतला पोरगा, डाव्या हातात टॉर्टिया धरून मटण तासत होता, सुरी खालून वर नेली, टोकाने अननसाला जरासा झटका दिला, चकती हवेत उडाली आणि त्याने न बघता, खरंच न बघता, हात पाठीमागे नेऊन ती टॉर्टियात झेलली. मी त्याला खुणेने म्हटलं परत कर. त्याने परत केलं, ह्या वेळी जरा ऐटीत. मी व्हिडिओ काढला आणि दादाला पाठवला. खाली काही लिहिलं नाही.

मग प्लेट आली, मान वाकडी केली, पहिला टाको. फोन वाजला. दादाचं उत्तर, एकच शब्द. हातजाळी.

मी इतकी खूश झाले की समोरच्या टेबलावरच्या अनोळखी माणसाला फोन दाखवणार होते. दुसरा टाको उचलला. आणि मग उगाच घड्याळाकडे लक्ष गेलं, कपड्यांची किती मिनिटं राहिलीत बघायला. साडेतीन वाजले होते. म्हणजे तिकडे भारतात पहाटेचे चार. दादा दहाला झोपतो, आयुष्यभर झोपलाय, त्याच्या झोपेवरून घरात विनोद आहेत. मी व्हिडिओ पाठवल्यापासून अर्ध्या मिनिटात उत्तर आलं होतं. म्हणजे फोन हातातच होता.

काकू खिडकीतून कोणाचा तरी नंबर ओरडत होत्या, सेसेंता होतं की सेतेंता मी ऐकलं नाही. हात पुसले, फोन लावला. रिंग जात होती.