छाट

बाहेरगावचा माणूस निपाणीच्या स्टँडवर उतरला की आधी तंबाखूच्या वासानं शिंकतो. आम्हा इथल्या लोकांना तो वास कळतही नाही. आई बिड्या वळायची. रात्री पाला ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवायचा, पहाटे त्यावर पत्रा ठेवून कात्रीनं एकसारखा कापायचा, मग सूप मांडीवर घेऊन बसायचं. तंबाखू भरायची, वळायची, तोंड नखानं दुमडायचं, दोरा बांधायचा. पंचवीसचा एक कट्टा, असे चाळीस कट्टे झाले की हजार. हजार पुरे व्हायला दिवेलागण व्हायची. शाळेतून आल्यावर मीही दोरा बांधायला बसायची.

माल द्यायला मी तिच्याबरोबर जायची. तपासणारा कट्टा हातात घ्यायचा, दाबून बघायचा आणि काही बिड्या बाजूला टाकायचा. ती छाट. वळायची मेहनत झालेली, पण मजुरी नाही. कधी पन्नास, कधी शंभर. का टाकल्या ते कुणी सांगायचं नाही, आणि टाकलेल्या बिड्या तिथंच राहायच्या. घरी जिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा ती माझी आई तिथं पदर डोक्यावर ओढून खाली बघत उभी राहायची. मला त्या माणसाचा राग यायचा नाही, आईचा यायचा. हे आज लिहितानाही जड जातं.

सहावीत शाळेची सहल बेळगावला गेली होती. टिळकवाडीत गुरुजींनी काँग्रेस विहीर दाखवली. डिसेंबर १९२४ मध्ये इथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी अध्यक्ष होते, आणि आयुष्यात ते एवढ्या एकाच अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. आलेल्या हजारो माणसांना पाणी पुरावं म्हणून ती विहीर खोदली होती. मी कठड्यावरून वाकून बघितलं. स्वातंत्र्य म्हणजे इथं येऊन गेलेली एक मोठी गोष्ट, असं तेव्हा वाटलं. त्यानंतर चारच महिन्यांनी, एप्रिल १९२५ मध्ये, बाबासाहेब आमच्या निपाणीत बहिष्कृत परिषदेला, म्हणजे अस्पृश्य मानलेल्या लोकांच्या सभेला, आले होते. हे मात्र मला शाळेत कुणी सांगितलं नाही. गल्लीतल्या एका आजोबांनी सांगितलं, तेही मी कॉलेजला गेल्यावर. या दोन सभा मी आता मनात शेजारीशेजारी ठेवते. परकं राज्य जायला हवं हे एकीकडे, आणि आपल्याच गावात मान वर करून उभं राहता यायला हवं हे दुसरीकडे. आईची लढाई दुसरीतली होती.

ती कधी सुरू झाली ते मला नेमकं आठवतं. संध्याकाळी बायकांची सभा असायची. तंबाखूच्या वखारीतल्या बायका यायच्या, घरी वळणाऱ्या यायच्या, मराठी बोलणाऱ्या, कन्नड बोलणाऱ्या, सगळ्या एकाच सतरंजीवर. तिथं कुणीतरी बिडी कामगारांचा १९६६ चा कायदा वाचून दाखवला. आई घरी आली ती हेच बोलत, "घरात बसून वळणारी बाईबी कामगारच हाय म्हनं. कायद्यात लिवलंय." चुलीपुढं बसून तिनं ते दोनतीनदा म्हटलं. मग कामगार म्हणून ओळखपत्र निघालं. त्यासाठी काढलेला फोटो हा तिचा आयुष्यातला पहिला फोटो. त्याच कार्डावर मला बिडी कामगारांच्या कल्याण निधीतून शिष्यवृत्ती मिळाली, वह्या आल्या. सही करायला तिला मी शिकवलं, पाटीवर, पंधरा दिवसांत.

आणि एक दिवस तिनं विचारलं. तपासणाऱ्यानं मूठभर बिड्या बाजूला टाकल्या तशी ती म्हणाली, "का म्हून टाकलासा, सायेब?" तो म्हणाला, खराब आहेत. "खराब हाईत तर माझ्यासमोर मोडा." मागच्या रांगेतल्या बायका गप्प झाल्या. त्यानं एक बिडी उचलली, आईकडं बघितलं, आणि ती मोडली नाही. निम्म्याहून जास्त बिड्या त्यानं परत मोजून घेतल्या. घरी येताना आई काहीच बोलली नाही, फक्त माझा हात जरा घट्ट धरला होता.

मला स्वातंत्र्य कळलं ते तिथं. आपल्या कष्टाचा हिशोब ज्याच्या हातात आहे त्याला "का" म्हणून विचारता येणं, आणि विचारल्यावर दुसऱ्या दिवशी काम बंद होणार नाही याची खात्री असणं. कारण ही खात्री नसेल तर विचारायचं धाडस एकट्या बाईनं किती वेळा करायचं? आईच्या मागं कायदा होता, सतरंजीवरच्या बायका होत्या, म्हणून तिचा आवाज फुटला. धाडस तिचं होतंच, पण ते एकटीचं नव्हतं.

आता तिला पीएफची पेन्शन मिळते, महिन्याला हजार रुपये. गेल्या नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यायला तिला घेऊन गेले. मशीनवर अंगठा उठेना. मग तर्जनी, मग दुसरा हात. इतकी वर्षं पाला आणि दोरा घासून बोटांच्या रेषाच गेल्यात. मशीनवरच्या पोरानं दमून सांगितलं, "आजी, उठंनाच झालाय तुमचा अंगठा."

"माझ्या हाताच्या रेघा बिडीत गेल्या, बाळ," ती म्हणाली. "कागूद दे, मी सही करतो."

सही चालत नव्हती. शेवटी मोबाइलसमोर चेहरा धरून दाखला निघाला. पोरगा पुढच्या माणसाला हाक मारत होता, तरी आई खुर्चीवरून उठली नाही. पावती पाहिजे म्हणाली. ती हातात आल्यावर तिनं तिथंच मला वाचायला लावली. नाव, नंबर, तारीख, सगळं. मागं रांग थांबली होती.