हुतात्मा एक्स्प्रेस लेट झाली तो शनिवार

त्या शनिवारी माझ्या टेबलावर एक अहवाल तयार होता, सही तेवढी राहिली होती. त्यातलं शेवटचं वाक्य असं होतं : 'मूल वडिलांशी संवाद साधण्यास इच्छुक दिसत नाही.' चार भेटी डोळ्यांनी बघून मी ते लिहिलं होतं. त्यात काही चुकलंय असं मला वाटत नव्हतं.

मी पुण्यात कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक आहे. नवरा-बायकोची समजूत काढणं हे आमचं काम बहुतेकांना माहीत असतं. पण ज्याच्याकडे मुलाचा ताबा नाही, त्या आईला किंवा बापाला मूल भेटवणं यातही आमचे कितीतरी दिवस जातात. महिन्यातला दुसरा आणि चौथा शनिवार कोर्टाला सुट्टी असते, म्हणून या कुटुंबाला पहिला आणि तिसरा शनिवार दिलेला होता. ११ ते १, मुलांच्या खोलीत. वडील अर्ध्या तासात आले नाहीत तर आई मुलाला घेऊन जाऊ शकते, असंही हुकमात लिहिलेलं होतं.

मुलगा सात वर्षांचा, दुसरीत. वडील सोलापूरला टॉवेलच्या कारखान्यात, रोजंदारीवर. आई हडपसरला माहेरी राहून एका पॅकिंगच्या युनिटमध्ये जाते. वेगळे होऊन दोन वर्षं झाली होती. दोघं एकमेकांशी एक शब्द बोलत नव्हते. तिने त्याचा नंबर ब्लॉक केलेला. मुलासाठी आणलेली पिशवीसुद्धा ती त्याच्या हातून घेत नसे. "तिथे खुर्चीवर ठेवायला सांगा," असं मला म्हणायची, आणि तो गेल्यावर उचलायची.

आणि मुलगा? तो यायचा, खोलीतल्या घसरगुंडीखाली जाऊन बसायचा आणि वडिलांकडे पाठ करून समोरच्या भिंतीकडे बघत राहायचा. पूर्ण दोन तास. वडील आधी गाड्या काढून दाखवत, मग गोष्ट सांगून बघत, मग नुसते शेजारी बसून राहत. चौथ्या भेटीनंतर ते मला म्हणाले, "ह्याला घरून शिकवून पाठवतात ओ मॅडम." आई म्हणाली, "तो घाबरतो त्यांना. भेटीच्या रात्री अंथरूण ओलं करतो." दोन्ही बाजूंच्या वकिलांनी तेच आपापल्या अर्जात लिहिलं, आणि न्यायाधीश साहेबांनी माझ्याकडे अहवाल मागितला.

असा अहवाल लिहिताना हात जड होतो, कारण त्याचा परिणाम होतो. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६ चा, त्याच्या १३ व्या कलमात मुलाचं हित सर्वांत वरचं मानलं आहे. त्याच्याही आधीच्या, १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्यात १७ व्या कलमात आहे, की मूल समजून-उमजून आपली पसंती सांगण्याइतकं मोठं असेल तर न्यायालय ती विचारात घेऊ शकतं. सात वर्षांच्या मुलाची पसंती कळणार कुठून? बरेचदा आमच्याकडूनच. माझ्या त्या एका वाक्यावर त्या बापाच्या भेटी कमी होऊ शकल्या असत्या.

त्या दिवशी अकराला दहा कमी असताना आमच्या शिपाई मामांनी निरोप आणला. ऑफिसच्या फोनवर वडिलांचा फोन होता : हुतात्मा एक्स्प्रेस लेट आहे, दौंडच्या अलीकडे थांबवून ठेवली आहे, कधी सुटेल माहीत नाही. हे वडील सोलापूरहून सकाळी त्याच गाडीने यायचे आणि संध्याकाळी तिनेच परत जायचे. मी आईला सांगितलं. ती घड्याळाकडे बघून म्हणाली, "साडेअकरापर्यंत थांबते. मला दुपारी कामावर जायचंय." तिचंही चूक नव्हतं. अर्धा दिवस भरला नाही तर तिचे पैसे कापले जातात.

मुलगा त्या दिवशी घसरगुंडीखाली गेला नाही. खिडकीचे गज धरून उभा राहिला. मी शेजारी जाऊन उभी राहिले, काही विचारलं नाही. थोड्या वेळाने तोच म्हणाला, "दौंडच्या अलीकडे म्हणजे भिगवणला का?"

"असेल. तुला कसं माहीत?"

"सोलापूर, मोहोळ, माढा, कुर्डुवाडी, जेऊर, भिगवण, दौंड." एका दमात. मग श्वास घेऊन, "पाटस, केडगाव, यवत, उरळी, लोणी, हडपसर. सगळीकडे नाही थांबत ती. पण लागतात."

सोलापूरला राहत होते तेव्हा आजीकडे ते याच गाडीने यायचे. पप्पा खिडकीशी बसवून प्रत्येक स्टेशनची पाटी वाचून घ्यायचे. अक्षरओळख त्याची तिथेच झाली होती.

दर भेटीच्या शनिवारी सकाळी हा मुलगा मनातल्या मनात त्या गाडीबरोबर येत होता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. मुलाला सरळ 'का?' विचारायचं नाही असं आम्ही शिकलेलो असतो. 'का' म्हटलं की मूल आपल्याला हवं ते उत्तर शोधायला लागतं. म्हणून मी एवढंच म्हटलं, "आज पप्पा आले की काय करायचं ठरवलंयस?"

"गप्प बसायचं."

मी थांबले. तो गजांवर बोट फिरवत होता.

"खेळलं की एक लगेच वाजतो," तो म्हणाला. "गप्प बसून बघत राहिलं की हळू वाजतो."

मी वळून घसरगुंडीसमोरच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे घड्याळ होतं. माझ्या चारही टिपणांमध्ये 'वडिलांकडे पाठ करून भिंतीकडे तोंड' असं लिहिलेलं होतं. भिंतीवर काय आहे ते मी एकदाही बघितलं नव्हतं. दुसरीत घड्याळ शिकवतात. त्याला काटे वाचता येऊ लागले होते आणि तो दोन तास ते काटे अडवून धरत होता.

माझ्या घशाशी आलं. पण मुलाचं एक वाक्य ऐकून लगेच निकाल लावणं हे आधीच्याच चुकीचं दुसरं रूप झालं असतं. वडिलांनी मुलावर कधी हात उचलला का, मुलासमोर आईला मारलं का, हे मी दोघांना वेगवेगळं बसवून आधीच विचारलं होतं. आईने स्वतःच सांगितलं होतं, "मुलाला कधी नाही. भांडण आमचं." तरी मी ती नोंद पुन्हा काढून वाचली. मग मुलाला विचारलं, "हे मी मम्मीला सांगू?"

त्याने बराच विचार केला. "सांगा. पण ती रडायला नको."

साडेअकरा वाजून गेले होते. आई पर्स खांद्याला लावून उठली होती. मी तिला माझ्या खोलीत नेलं आणि मुलाच्याच शब्दांत सांगितलं, जास्त काही जोडलं नाही. ती खुर्चीवर बसली. "मग रात्रीचं अंथरूण?" तिने विचारलं. मी म्हटलं, भीतीने होतं तसं ताटातुटीनेही होतं. डॉक्टरांना दाखवूच, पण दोन्ही शक्यता धरून चालू. ती खूप वेळ बोटांतली अंगठी फिरवत राहिली. ती तिने काढलेली नव्हती, हेही मी त्या दिवशीच पाहिलं.

"मी थांबते," ती म्हणाली. "पण मी स्वतःहून थांबले असं वहीत लिहा. उद्या माझ्यावरच उलटायला नको." कोर्टात येणाऱ्या प्रत्येकीला कागदाची ही भीती असते आणि ती खरी असते. हुकमातली वेळ मी माझ्या अधिकारात वाढवू शकत नाही. दोघांची संमती असेल तर तशी नोंद करून घेऊ शकते. मी भेटीच्या नोंदवहीत लिहिलं, तिने सही केली, मग आपल्या पॅकिंगच्या युनिटमध्ये फोन लावला.

वडील १२ वाजून २५ मिनिटांनी आले. स्टेशनपासून धावत आले असावेत, शर्ट पाठीला चिकटला होता. मुलगा गेला असणार असं धरूनच ते आले होते, दारात मला बघून म्हणाले, "एवढी पिशवी तरी पोचवाल का ओ?" पिशवीत शेंगापोळ्या होत्या.

ते आत जाण्याआधी मी स्टुलावर चढून घड्याळ उतरवलं. मुलगा बघत होता. म्हटलं, "आज वेळ मी सांभाळते. संपायच्या दहा मिनिटं आधी तुला सांगेन, अचानक नाही सांगणार."

तो लगेच बोलला नाही. घसरगुंडीखाली गेला, बसला. भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे बघून झाल्यावर त्याने विचारलं, "दौंडला किती वेळ थांबली?"

"दौंडला नाही रे, बाहेरच. सिग्नलला," वडील म्हणाले. त्यांचा आवाज फाटला, पण त्यांनी सावरलं. "तासभर."

"मालगाडी होती का पुढं?"

मी दार लोटून बाहेर आले.

अहवाल मी नव्याने लिहिला. पुढच्या तारखेला दोघं समोरासमोर बसली ती माझ्या खोलीत, वकिलांना बाहेर ठेवून. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये यशिता साहू यांच्या प्रकरणात म्हटलं आहे की प्रत्यक्ष भेटींबरोबर फोन किंवा व्हिडिओ कॉलवरचा संपर्क हाही महत्त्वाचा आहे. त्याचा आधार घेऊन दर बुधवारी संध्याकाळी १५ मिनिटांचा व्हिडिओ कॉल ठरला. तिने नंबर अनब्लॉक केला, तेवढ्यापुरताच. भेटीची वेळ १२ ते ३ झाली आणि गाडी लेट झाली तर तेवढा वेळ पुढे सरकेल असं संमतीपत्रात घातलं. भेटीनंतर "पप्पा काय म्हणाले?" हे मुलाला विचारायचं नाही, हे मी तिला सांगितलं. "मम्मी घरी काय बोलते?" हे विचारायचं नाही, हे वडिलांना.

दावा अजून चालू आहे. पोटगीची थकबाकी आहे, दिवाळीआधीच्या गर्दीत रोज बुडवता आला नाही म्हणून वडिलांच्या दोन भेटी चुकल्या, त्यावरून पुन्हा अर्जही झाला. अंथरूण ओलं होणं कमी झालंय, थांबलेलं नाही. फुलराणीत, म्हणजे मुलांच्या छोट्या आगगाडीत, बसायला पेशवे पार्कला नेऊ द्या, अशी वडिलांची विनंती आहे. आई अजून तयार नाही आणि मी तिला घाई करत नाही.

मागच्या शनिवारी तीन वाजले तेव्हा आई आत आली. वडिलांनी सवयीने पिशवी खुर्चीवर ठेवायला हात पुढे केला. तिने ती त्यांच्या हातातूनच घेतली आणि मुलाला म्हणाली, "चप्पल घाल."