आमची वाटचाल: कातळावरची बाग ते कलमांची रोपवाटिका

आमच्या रोपवाटिकेची नोंदणी वडिलांच्या काळात झाली. परंतु तिचा आरंभ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, देवगड तालुक्यातील एका उघड्या कातळावर आमच्या खापरपणजोबांनी केला, असेच आम्ही मानतो. ते खोताची, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराची, जमीन कसणारे कूळ होते. भाताचा ठरलेला हिस्सा खोताच्या घरी पोचवून उरेल त्यावर वर्ष काढायचे, अशा स्थितीत त्यांनी नाचणीही धड न येणाऱ्या वरकस जमिनीवर हापूसची बाग करण्याचे मनावर घेतले. १८८० च्या खोती कायद्याने वहिवाटदार कुळांच्या हक्काला लेखी आधार दिला होता. तो नसता, तर आपल्या मालकीच्या नसलेल्या जमिनीत पुढच्या पिढीसाठी झाडे लावण्याचे धैर्य त्यांना झाले नसते, असे मला वाटते.

पहारीने जांभा फोडून त्यांनी खड्डे काढले, खालच्या मळ्यातील माती आणि शेणखत डोक्यावरून वर नेले आणि निघालेल्या दगडांचाच गडगा घातला. उन्हाळ्यात घरातील बायका विहिरीवरून कळश्या वाहून कलमे जगवीत. बागेचे श्रेय सांगताना त्यांचा उल्लेख क्वचित होतो, म्हणून तो येथे आवर्जून करतो.

हापूसच्या कोयीपासून वाढलेले झाड मूळ झाडाचे गुण तंतोतंत घेत नाही, त्यामुळे बाग वाढवायची तर कलमे बांधणे भाग होते. मातृवृक्षाच्या फांद्यांखाली मांडव घालून त्यावर रायवळ, म्हणजे गावठी आंब्याच्या, रोपांच्या कुंड्या ठेवायच्या, रोपाची आणि फांदीची साल तासून दोन्ही घट्ट बांधायची आणि सांधा एकजीव झाल्यावर फांदी झाडापासून बेताबेताने तोडायची, ही भेटकलमाची रीत आजोबांच्या हातात बसली. त्यांची कलमे शेजारचे बागायतदार मागून नेऊ लागले आणि येथूनच शेतीला व्यवसायाचे रूप आले.

१९४९ च्या कायद्याने खोती संपली, पुढे कूळकायद्याने जमीन आमच्या नावावर झाली. १९९० मध्ये रोजगार हमीशी निगडित फळबाग लागवड योजना आली, तेव्हा कलमांची मागणी भेटकलमाच्या संथ रीतीने भागेना. वडिलांनी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने प्रसारित केलेली कोयकलमाची पद्धत स्वीकारली. तीत पावसाळ्यात कोवळ्या, तांबूस पानांच्या रोपावरच हापूसच्या झाडाची काडी (फांदीचा तुकडा) पाचरीसारखी बसवतात. त्यामुळे थोड्या जागेत पुष्कळ कलमे होतात.

पद्धत बदलली, तरी काडी आम्ही वर्षानुवर्षे फळे पाहिलेल्या, साक्याचे (फळाच्या गरातील पांढरट, स्पंजासारख्या दोषाचे) प्रमाण कमी असलेल्या झाडांचीच घेतो. ग्राहकाने विचारल्यास मोसमात ते झाड फळांसह दाखवतो, आणि अशा काड्या संपल्या की त्या वर्षीची हापूसची मागणी घेणे थांबवतो.